सहा स्टेपन्या

एडमंटनचा विषय ड्वेनने तिसऱ्यांदा काढला, तेव्हा बर्निस काचघरात टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत होती. फोन तिने कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला होता.

"ताईच्या इमारतीत तळमजल्यावर जागा रिकामी झालीय, आई," ड्वेन सांगत होता. "समोर दवाखाना आहे. लिफ्ट आहे."

"तळमजल्याला लिफ्ट कशाला?"

ड्वेनने एक सुस्कारा सोडला. तो इनुविकच्या विमानतळावर धावपट्टी तपासायच्या कामावर होता. कुठे काय बिघडू शकेल ते आधी हुडकायचं, याचाच त्याला पगार मिळे, आणि घरी आल्यावरही त्याची ती सवय सुटत नसे. त्याने यादी वाचावी तसं सुरू केलं. डॉसनचा हिवाळा, एकटी बाई, जुनं घर, जुना बॉयलर. शिवाय बाबा गेल्यापासून दोन वर्षांत ती गाडी घेऊन दुकानाच्या पलीकडे गेलेली नाही. उद्या काही झालं तर ती काय करणार?

दुकानाच्या पलीकडे हे शब्द बर्निसला झोंबले. पाण्याची झारी खाली ठेवून ती म्हणाली, "मी गाडी घेऊन इनुविकला येते. एकटी. डेम्पस्टरच्या रस्त्याने."

मग ड्वेन म्हणाला, "ये. पण कुणाचा हातभार न लागता यायचं. तशी आलीस तर एडमंटनचं नाव मी पुन्हा काढणार नाही. कुणाची मदत घ्यावी लागली तर मात्र सप्टेंबरात घर विकायचं."

"कबूल," बर्निस म्हणाली. फोन ठेवल्यावर आपण काय कबूल केलं ते तिच्या ध्यानात आलं आणि ती तिथल्याच एका बादलीवर मटकन बसली.

थेट उत्तरेकडे सातशे छत्तीस किलोमीटर. सगळी खडी. मध्ये एकच मुक्कामाची जागा, दोन नद्या, आणि बाकी सगळीकडे डोंगर, डास आणि अस्वलं. यात थापेबाजीला वाव नव्हता. खोटं बोललं की बर्निसच्या मानेवर लाल चट्टे उमटत. तिचा नवरा रॅग्नर अडतीस वर्षं तिच्याशी पत्ते खेळला आणि अडतीस वर्षं जिंकला, तो त्या मानेच्या जोरावर. इनुविकला पोचल्यावर ड्वेन आधी विचारणार होता आणि मग तिच्या मानेकडे बघणार होता.

रॅग्नर त्या रस्त्यावर सव्वीस वर्षं ग्रेडर चालवत असे. खडी सपाट करायची, पुराने खचलेली कड भरायची, हे त्याचं काम. सुट्टीच्या दिवशी तो त्याच रस्त्याने बायकोला घेऊन फिरायलाही जाई. त्याचा हिरवा पिकअप तिथला दगडन् दगड ओळखत होता. बर्निस शेजारच्या सीटवर बसून चहा ओतून द्यायची आणि बाहेर बघायची. त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही कडा तिला पाठ होत्या. मधला भाग मात्र तिने कधी नीट पाहिला नव्हता.

तिने आठवडाभर तयारी केली. दोन स्टेपन्या, जॅक, पाना, पंप, पेट्रोलचा डबा, घोंगडी, डासांची जाळी. ड्वेनने त्या आठवड्यात फोनवर दोनदा बजावलं की या रस्त्याला एक स्टेपनी म्हणजे शून्य स्टेपनी, दोन हव्यात. शेजारच्या सीटवर तिने टोमॅटोच्या तीन रोपांची पेटी ठेवली, नातीसाठी. पेटीला पट्टा लावला. डॅशबोर्डखाली रॅग्नरचा रेडिओ होता. त्यावर तो दिवसभर ट्रकवाल्यांशी गप्पा मारायचा. तो गेल्यापासून तिने त्याचं बटण फिरवलं नव्हतं, आणि आता फिरवायची सोयच नव्हती. रेडिओवर नुसतं बोललं तरी समोरून पहिला प्रश्न येतो तो काय हवंय हा.

बुधवारी सकाळी ती निघाली. पहिले नव्वद किलोमीटर तिने जीव मुठीत धरून काढले. मूठ स्टीअरिंगवर असल्यामुळे बोटं आखडली. समोरून कुणी आलं की इथले लोक स्टीअरिंगवरून एक बोट वर करतात. बर्निसला तेवढंही बोट सोडवेना, म्हणून ती मान हलवत होती.

"घाबरायचं काही नाही," ती टोमॅटोंना म्हणाली.

तेवढ्यात टकटक ऐकू आली. वेग वाढवला की टकटक वाढे, कमी केला की कमी होई. इंजिन गेलं, ती मनाशी म्हणाली, आणि घर गेलं. गाडी कडेला घेऊन ती उतरली, चारही चाकांभोवती वाकून फिरली, आणि तिसऱ्या चाकाच्या खाचेत तिला अक्रोडाएवढा खडा सापडला. स्क्रूड्रायव्हरने तिने तो उचकटून काढला. तो हातात धरून ती खिडकीपाशी उभी राहिली आणि टोमॅटोंना दाखवू लागली. इतका अभिमान तिला मुलांच्या पदवीदान समारंभातही वाटला नव्हता.

हा आनंद जेमतेम चार मिनिटं टिकला. मागून डिझेलचा टँकर आला, फुसफुसत थांबला, आणि त्यातून क्लिफर्ड उतरला. रॅग्नरचा जुना दोस्त, पोट सुटलेला, दाढी छातीपर्यंत.

"काय झालं, बर्निस?"

"काही नाही. खडा होता. काढला."

"बघू तरी."

"बघायचं काही राहिलं नाही. मला काही नको, क्लिफर्ड."

क्लिफर्ड थबकला. डेम्पस्टरवर मला काही नको असं कुणी म्हणत नाही. थांबलेल्या गाडीपाशी दुसऱ्या गाडीने थांबायचंच, आणि थांबणाऱ्याला समोरच्याने बरं झालं आलास म्हणायचंच. काही नाही तर निदान घोटभर कॉफी तरी घ्यायची. रॅग्नर सांगायचा, सव्वीस वर्षांत मला काही नको म्हणणारी दोनच माणसं त्याला भेटली. एकाचा पाय मोडला होता आणि दुसरा डोंगराशी भांडत होता. ही गोष्ट क्लिफर्डने रॅग्नरच्या तोंडून निदान पन्नासदा ऐकली होती.

त्याने गाडीत डोकावून पाहिलं. "रेडिओ बंद का ठेवलायस?"

"शांतता हवी म्हणून."

"मघाशी कुणाशी बोलत होतीस? लांबून ओठ हलताना दिसले."

खोटं बोलायची सोय नव्हती. "टोमॅटोंशी," बर्निस म्हणाली.

क्लिफर्डने पट्टा बांधलेल्या पेटीकडे पाहिलं आणि हळूहळू मान डोलावली. मग मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत, त्याने तिला जपून जायला सांगितलं आणि तो टँकरवर चढला. दार लावायच्या आधीच त्याने रेडिओचा माइक तोंडाशी नेला होता. ते बर्निसने पाहिलं आणि तिला काही ते बरं वाटलं नाही.

दुपारी ती सँडविच खायला नदीकाठी थांबली, तर दहा मिनिटांत तीन गाड्या उभ्या राहिल्या. आपण फक्त जेवतोय हे तिने तिघांनाही समजावून सांगितलं. पहिल्याने बॉनेट उघडायची परवानगी मागितली, ती तिने दिली नाही. दुसऱ्या गाडीतल्या बाईने न विचारता तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. तिसऱ्या गाडीत एक नवरा-बायको होते. नवऱ्याने अगदी गोड आवाजात विचारलं, "आज वार कोणता, सांगता का?"

"गुरुवार," बर्निस फटकन म्हणाली.

विचारणाऱ्याला स्वतःलाच खात्री नव्हती. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे वारांचा हिशेब कुणाच्याच डोक्यात राहत नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, बुधवार. तेवढ्यावर बर्निसचा निकाल लागला.

त्यानंतर मुक्कामापर्यंत कुठेही थांबायचं नाही असा तिने कानाला खडा लावला. पुढे दोनशे किलोमीटर होते आणि तिने सकाळपासून चार कप चहा घेतला होता. वर घाटात धुकं लागलं, डाव्या बाजूला दरी होती, आणि धुक्यात प्रत्येक झुडूप तिला अस्वल वाटत होतं. एरवी ती थांबली असती. पण अस्वलापेक्षा तिला आता मदतीची भीती जास्त वाटत होती. ईगल प्लेन्सच्या मुक्कामाला पोचली तेव्हा ती गाडीतून उतरून सरळ पळतच आत गेली. लॉबीत जमलेल्या सगळ्यांनी ते पळणं पाहिलं, आणि त्याचाही त्यांनी हवा तो अर्थ काढला.

हॉटेल चालवणारी डेलोरेस तोवर खुर्ची, शाल आणि गरम सूप घेऊन तयार होती. बर्निसने सूप घेतलं, पण आधी त्याचे पैसे काउंटरवर ठेवले. खोलीचेही ठेवले. बॅग उचलायला आलेल्या माणसाच्या हातून तिने बॅग ओढून घेतली.

"अगं, नवऱ्यावर राग आहे का तुझा, असा मदतीवर काढतेस तो?" डेलोरेसने हळूच विचारलं.

"माझा कुणावर राग नाही. मला फक्त काही नको."

डेलोरेसचे डोळे भरून आले. ती आत गेली आणि दार ओढून कुणाला तरी फोन करू लागली. कोपऱ्यातल्या टेबलावर क्लिफर्ड बसला होता, तोही तिच्या मागोमाग गेला. बर्निसला त्या रात्री धड झोप लागली नाही. बाहेर लख्ख ऊन होतं आणि पार्किंगमध्ये सारखी कसली तरी आदळआपट चालू होती.

सकाळी ती पिकअपपाशी गेली आणि बघतच राहिली. मागच्या भागात तिच्या दोन स्टेपन्यांच्या जोडीला आणखी चार येऊन बसल्या होत्या. शिवाय पेट्रोलचे दोन डबे, एक कुऱ्हाड, लोकरीची रजई, आणि फडक्यात गुंडाळलेली कॅरिबू हरणाची अख्खी तंगडी. ज्याच्याजवळ जे होतं ते त्याने टाकलं होतं. एक चाक क्लिफर्डच्या टँकरचं होतं, बर्निसच्या कमरेला लागेल एवढं. एक बोटीच्या ट्रेलरचं. एक पार गुळगुळीत झालेलं. आणि एक छोटंसं, पुढच्या मॅकफर्सन गावातल्या शाळेतले मास्तर सुट्टीला दक्षिणेकडे निघाले होते, त्यांच्या गाडीचं. चारांपैकी एकही तिच्या पिकअपला बसणारं नव्हतं.

ती तशीच नाश्त्याच्या खोलीत गेली आणि हे कुणाचं आहे म्हणून तिने विचारलं. सगळी खोली खिडकीबाहेर बघू लागली. मास्तर तर आपल्या ताटातल्या अंड्याकडे असे बघत होते, जणू त्यावर काही लिहिलं आहे.

चाकं उतरवून ठेवावीत म्हणून ती पुन्हा बाहेर गेली. टँकरचं चाक तिने दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, पाय लावून ढकलून पाहिलं. ते जागचं हललं नाही. मदत परत करायला कुणाची तरी मदत मागावी लागणार होती. बर्निसने हात टेकले. मग गाडीत बसून तिने शांतपणे विचार केला. कुणी न विचारता मागे ठेवून दिलेली वस्तू म्हणजे घेतलेली मदत नव्हे. वापरली तर मदत. तिने आरशात मान पाहिली. थोडीशी गुलाबी होती, पण चट्टे नव्हते. तेवढ्या भांडवलावर तिने किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवसाचा रस्ता आदल्या दिवसाहून वाईट होता. वाऱ्याने गाडी कडेकडे सरकत होती, आणि खडी पाटीच्या दगडाची, सुरीसारख्या धारेची होती. दर मैलाला तिला हवा गेल्याचा आवाज ऐकू येई आणि दर मैलाला तो मागच्या सामानाचा निघे. पील नदीवर फेरीबोट उभी होती. ती चालवणारा अब्राहम धावत खिडकीपाशी आला.

"मावशी, तू सरक तिकडे. मी चढवतो गाडी."

"मीच चढवणार."

"बरं, बरं. तूच चढव," अब्राहम लगेच म्हणाला. चिडलेल्या म्हशीला वाट द्यावी तसा तो बाजूला झाला आणि दोन्ही हात हलवत, विमान उतरवावं तशी त्याने तिची गाडी बोटीवर घेतली. पलीकडच्या काठावर त्याने खिडकीतून एक पुडी आत ठेवली. त्याच्या आईने पाठवलेला सुका मासा आणि ताजा बॅनक, तव्यावरचा जाड पाव. बर्निस ती परत करणार, इतक्यात तो म्हणाला, "ही मदत नाही, मावशी. हे जेवण आहे. म्हातारीला नाही म्हणायची हिंमत असेल तर तूच जाऊन सांग."

बर्निसने पुडी ठेवून घेतली.

"कालच बातमी इनुविकपर्यंत गेलीय," अब्राहम जाता जाता म्हणाला. "सगळ्यांचं लक्ष आहे तुझ्यावर."

म्हणजे ड्वेनला सगळं कळलं. कपाळावर हात, चार चाकं, गुरुवार, सगळं. तो आता दारात उभा राहील, हाताची घडी घालून, आणि पहिला प्रश्न विचारेल. तिला डॉसनचं काचघर दिसू लागलं. ते रॅग्नरने जुन्या खिडक्या जोडून बांधलं होतं. एकही काच दुसरीच्या मापाची नव्हती. ते एडमंटनला नेता येण्यासारखं नव्हतं.

मॅकफर्सन मागे पडलं. पुढे तीसेक किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला एक छोटी रुपेरी गाडी उभी होती. बॉनेट उघडं होतं. डासांची जाळी डोक्यावरून घेतलेला एक माणूस त्यात वाकलेला होता.

बर्निसचा पाय आपोआप ब्रेककडे गेला आणि तिथेच अडला. ती थांबली तर तो माणूस तिच्या गाडीकडे बघणार. टायरला लाथ मारून बघणार, काहीतरी आवळून देणार, काहीतरी गाडीत टाकणार. दीडशेच्या आसपास किलोमीटर राहिले होते. आतापर्यंत तिने सांभाळून आणलेलं सगळं त्याच्या एका पान्याने जाणार होतं. तिने पाय उचलला आणि ती पुढे निघून गेली.

आरशात त्या माणसाने दोन्ही हात वर केलेले दिसले. मग वळण आलं.

रॅग्नरची गाडी थांबलेल्या गाडीला टाकून पुढे गेली, असं आजवर कधी घडलं नव्हतं. एकदा उणे पंचेचाळीसमध्ये तो कुणा अनोळखी माणसाचं इंजिन गरम करत पाच तास उभा होता आणि ती आत बसून चिडचिड करत होती. बर्निसला लाज वाटली. इतकी की गाल तापले. दोन किलोमीटर ती तशीच गेली. टोमॅटोंची पानं हलत होती. ती नुसती गाडीच्या हादऱ्याने हलत होती, पण तिला ते सहन होईना.

"जातेय, जातेय मागे," ती म्हणाली.

गाडी वळवायची म्हणजे रिव्हर्स घ्यायचा, आणि दोन्ही बाजूंना उतार. याच क्षणाला ती आठवडाभर घाबरत आली होती. दोन वीत पुढे, दोन वीत मागे, असं सात वेळा करून तिने पिकअप उलटा फिरवला. सातव्या वेळी मागचं चाक काठावर होतं आणि बर्निस मोठ्याने रॅग्नरच्या शिव्या देत होती, त्याला नव्हे, त्याच्या.

ती परत आली तेव्हा तो जाळीवाला माणूस रस्त्याच्या मधोमध उभा होता. त्याने जाळी वर केली. तो ड्वेन होता.

"आई, तू मला टाकून गेलीस?"

"तोंडावर जाळी होती. तू इथे काय करतोयस?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. काल क्लिफर्डचा फोन गेला होता. तुझी आई कुणाकडून काहीच घेत नाही, वार सांगता येत नाही, झाडांशी बोलते, आणि सूपसुद्धा पैसे देऊन पिते. रॅग्नरची ती दोन माणसांची गोष्ट ड्वेनलाही पाठ होती. त्याला रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे हाताला लागली ती बायकोची छोटी गाडी घेऊन तो निघाला. मॅकेंझी नदीच्या फेरीआधीच एक चाक गेलं, त्याला स्टेपनी लावली. इथे दुसरं गेलं.

"आणि दुसरी स्टेपनी?" बर्निसने विचारलं.

ड्वेन आपल्या बुटांकडे बघू लागला.

"एक स्टेपनी म्हणजे किती स्टेपनी, ड्वेन?"

"शून्य," ड्वेन पुटपुटला.

"मग बॉनेट कशाला उघडलंस? चाक काय इंजिनात असतं?"

"बॉनेट उघडं दिसलं की लोक थांबतात. पाऊण तास झाला. पहिली गाडी तुझीच आली."

बर्निसने पिकअपचं मागचं फळकूट खाली पाडलं. टँकरच्या चाकाला दहा भोकं होती, तिच्या स्वतःच्या स्टेपन्यांना सहा, ट्रेलरच्याला पाच आणि गुळगुळीत झालेल्यालाही पाचच. ड्वेनच्या गाडीला लागत होती चार. चार भोकांचं चाक एकच होतं, मास्तरांचं. ती ते घरंगळवत घेऊन आली तेव्हा ड्वेनने जॅक लावून गाडी उचलायला घेतली होती.

"आधी नट सैल कर," बर्निस म्हणाली. "मग उचल. चाक हवेत गेल्यावर पाना लावशील तर तेच गरगर फिरत बसेल."

ड्वेनने गाडी खाली घेतली. अडतीस वर्षं शेजारच्या सीटवरून आणि चहाचा कप हातात धरून तिने हे पाहिलेलं होतं. नट टोपीत ठेवायचे, म्हणजे खडीत हरवत नाहीत. समोरासमोरचे आवळायचे, ओळीने नाही. आपल्याला हे सगळं येतं हे तिला आजच कळत होतं. ड्वेन पाना फिरवत होता, पण तो सारखा निसटत होता.

"मला वाटलं तुला काहीतरी झालं," तो चाकाकडे बघत म्हणाला. "बाबांच्या वेळी मला पोचायला उशीर झाला. मला भीती वाटली, आई."

बर्निस त्याच्या शेजारी खडीत बसली. दोन वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलत होता. एडमंटनची लिफ्ट, दवाखाना, बॉयलर, त्या सगळ्या यादीच्या तळाशी एवढंच होतं तर.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "पहिल्या किलोमीटरपासून वाटतेय. आत्ताही वाटतेय. म्हणून काय घर विकायचं?"

तिने त्याच्या हातातला पाना घेतला आणि उरलेले दोन नट स्वतः आवळले. मग दोघांनी बॉनेटवर पुडी उघडून बॅनक आणि मासा खाल्ला. डास वारायला एक हात रिकामा ठेवावा लागत होता. खाणं झालं तसा ड्वेनमधला विमानतळावरचा माणूस जागा झाला. त्याने घसा साफ केला.

"आई, कुणाची मदत घेतलीस?"

"नाही."

त्याने तिच्या मानेकडे पाहिलं. दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा पाहिलं. मान पिठासारखी पांढरी होती.

"आणि हे चाक?"

"ते मास्तरांनी मागे ठेवलं होतं. वापरलंस तू."

त्यात कुठे फट सापडते का ते ड्वेन धावपट्टी तपासावी तसा तपासत होता. "म्हणजे एडमंटनचं आता..." तो म्हणाला.

"ताईला विचार, ती जागा अजून रिकामी आहे का," बर्निस म्हणाली. "तळमजला आहे, समोर दवाखाना आहे. तुला बरं पडेल."

ड्वेनला हसू आलं आणि ते लपवायला त्याने पुन्हा जाळी तोंडावर ओढली. मग, निदान एवढं तरी आपल्या हातात राहावं म्हणून तो म्हणाला, "तू पुढे हो. मी मागे राहून तुझ्यावर लक्ष ठेवतो."

"ठेव," बर्निस म्हणाली.

पिकअप वळवायला या वेळी तिला चारच खेपा लागल्या. आरशात रुपेरी गाडी दिसत होती. एका बाजूला लहान स्टेपनी, दुसऱ्या बाजूला मास्तरांचं चाक, त्यामुळे ती थोडी लंगडत येत होती. आता ड्वेनपाशी एकही स्टेपनी नव्हती आणि पुढे मॅकेंझीच्या काठापर्यंत तीच पाटीची खडी होती. बर्निसने एकदा आरशाकडे पाहिलं, एकदा डॅशबोर्डखाली पाहिलं. मग तिने हात खाली नेला आणि दोन वर्षांनी रेडिओचं बटण फिरवलं.

खरखर झाली आणि त्यातून माणसांचे आवाज आले. सगळे तिच्याबद्दलच बोलत होते. हिरवी गाडी अजून मॅकेंझीच्या फेरीपाशी आली नाही, कुणीतरी सांगत होतं, जाऊन बघायला हवं.

तिने माइक उचलला. "बर्निस बोलतेय," ती म्हणाली. "मी ठीक आहे. मॅकफर्सनच्या पुढे तीस किलोमीटरवर आहे. माझ्या मागे एक छोटी रुपेरी गाडी येतेय. आत एकच माणूस आहे. रात्रभर झोपलेला नाही, स्टेपनी नाही, चारपैकी दोन चाकं बेमेळ आहेत. जरा लक्ष ठेवा."

क्लिफर्डचा आवाज आला. तो मॅकफर्सनलाच पोचला होता. सकाळपासून तो मुद्दाम तिच्या मागे मागे राहिला होता, हे तिला आता कळलं. "ठेवतो, बर्निस. त्याला काय हवंय?"

"विचारलंत तर काही नको म्हणेल," बर्निस म्हणाली. "ऐकू नका."

पुढच्या वळणावर समोरून एक ट्रक आला. ड्रायव्हरने स्टीअरिंगवरून बोट वर केलं. बर्निसनेही केलं. ट्रक धूळ उडवत मागे गेला, रुपेरी गाडीपाशी त्याचे लाल दिवे लागले आणि त्याने तिला हात करून थांबवलं. त्याच्या मागून आलेली गाडीही थांबली. ड्वेन खिडकीतून दोन्ही हात हलवत काहीतरी नाही नाही म्हणत होता, आणि दोन माणसं आधीच त्याचं बॉनेट उघडत होती.

बर्निसने टोमॅटोंचा पट्टा एकदा घट्ट केला आणि वेग थोडा वाढवला. इनुविकला तिला एकटीने पोचायचं होतं.